मेडिकल, मेयो, डागा, एम्स: नागपूरच्या सरकारी दवाखान्यांना मालक तरी किती?

रेशीमबागकर

मेडिकलमध्ये औषध नाही, मेयोत खाट नाही, ही ओरड आपण लहानपणापासून ऐकतो. कारणंही ठरलेली: निधी नाही, डॉक्टर नाहीत, पुढारी नालायक. यातलं काही खोटं आहे असं नाही. पण मामांच्या किडनीच्या दुखण्यापायी यंदा सरकारी दवाखान्यांत बरंच फिरणं झालं आणि वेगळंच काहीतरी खटकायला लागलं. सगळे दवाखाने आपल्याच करावर चालतात, पण प्रत्येकाचा मालक निराळा, आणि या मालकांचं आपसात बोलणं नाही.

जरा यादी करून पाहा. मेडिकल (१९४७ पासूनचं) आणि मेयो ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाची. डागा स्त्री रुग्णालय आणि प्रादेशिक मनोरुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाची. इमामवाड्याचं आयसोलेशन, गांधीनगरचं इंदिरा गांधी रुग्णालय, पाचपावलीचं सूतिकागृह महापालिकेची. सोमवारीपेठेतलं कामगार विम्याचं. मिहानमधलं एम्स थेट केंद्राचं. शहराची हद्द संपली की प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, आणि त्याच तालुक्यातलं ग्रामीण रुग्णालय मात्र पुन्हा राज्याच्या आरोग्य विभागाचं.

मामा उमरेडकडचे. गावाकडे रक्त तपासलं, तालुक्याला परत तपासलं, शहरातल्या मोठ्या रुग्णालयात तिसऱ्यांदा. आधीचे रिपोर्ट हातात होते, पण "आमच्याकडचे लागतात". म्हाताऱ्या माणसाच्या दंडाला भोकं पडली ती वेगळीच.

दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यात सरकारी दवाखान्यांत उपचार मोफत झाले अशी बातमी होती. खरी होती, पण ती सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांपुरती. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात नव्हती. म्हणजे डागात मोफत, आणि मेडिकल-मेयोत केसपेपरपासून शुल्क. दारिद्र्यरेषेखालच्यांना माफी आहे, पण कागद दाखवून. गावाहून आलेल्या माणसाला विभाग कुठे ठाऊक असतो? त्याच्या लेखी सगळं 'सरकारी'च.

तर प्रश्न असा: घडणच अशी असेल, तर एखादा चांगला डीन किंवा कडक आयुक्त आणून नेमका किती फरक पडणार? आतल्या माणसांनी लिहिलं तर बरं होईल. राजकीय धुणी कृपया दुसऱ्या धाग्यावर धुवा.

---

तर्रीबाज

काऊन एवढं डोकं खपवून राह्यले भाऊ? पैसाच नाही, विषय खतम. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं का २०२५ पर्यंत सरकारचा आरोग्यावरचा खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यावर नेऊ. २०२५ आलं अन् गेलं. घरात धान्यच नसन तं चूल पूर्वेला का पश्चिमेला, याच्यावर चर्चा कायची करता?

---

जुना_लेखापाल

तर्रीबाज, पैसा कमी आहे हे मान्य. पण जो येतो तो कसा येतो हे मी उभा जन्म पाहिलं आहे, आता निवृत्त आहे, म्हणून चार ओळी जास्त लिहितो.

रुग्णालयाला 'बजेट' मिळतं असं लोक म्हणतात. हातात पैसा मिळत नाही. लेखाशीर्षाखाली तरतूद मिळते, ती बीडीएस या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर टप्प्याटप्प्याने दिसते, मग देयक कोषागारात जातं. एप्रिल-मेमध्ये फारसं काही दिसत नाही आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम दिसायला लागतं. ३१ मार्चला शिल्लक राहिली की ती व्यपगत होते, म्हणजे परत जाते, आणि पुढच्या वर्षी वरून विचारणा येते की गेल्या वर्षी खर्च झाला नाही तर यंदा मागता कशाला. म्हणून मार्चमध्ये जे मिळेल ते घ्यायचं. मार्चमध्ये आलेलं सलाइन जुलैच्या गॅस्ट्रोला पुरेल की नाही, हा हिशोब कुणी करत नाही, कारण तो करण्याबद्दल कुणाला विचारलंच जात नाही. पगाराचं शीर्ष वेगळं, औषधाचं वेगळं, यंत्रसामग्रीचं वेगळं. तंत्रज्ञाचं पद रिकामं असल्याने पगाराचे पैसे वाचले, तरी त्यातून तात्पुरता तंत्रज्ञ आणता येत नाही.

आता अधिष्ठात्यांचे (डीनचे) अधिकार पाहा. प्राध्यापक नेमायचा तर लोकसेवा आयोग, बदली करायची तर मंत्रालय. छत गळलं तर सार्वजनिक बांधकाम विभाग. दिव्याचं काम त्याच विभागाच्या विद्युत शाखेकडे. नवं यंत्र हवं तर जिल्हा नियोजन समितीकडे पालकमंत्र्यांच्या सहीची वाट. औषधं खरेदी करणारी यंत्रणा मुंबईत. आणि वर्तमानपत्रात मथळा कुणाच्या नावे? अधिष्ठात्यांच्या. घरातल्या थोरल्या सुनेसारखं आहे हे: पाहुणा उपाशी उठला तर बोल तिला, कोठीच्या किल्ल्या मात्र सासूच्या कमरेला.

९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. कारणमीमांसेत मी शिरत नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की सरकारी रुग्णालयात इमारत एकाकडे, वायरिंग दुसऱ्याकडे, अग्निसुरक्षेचा प्रस्ताव तिसऱ्याकडे आणि वॉर्डातलं मूल चौथ्याकडे असतं. फाईल या चौघांत फिरते. प्रत्येकाकडे जावक क्रमांक असतो, म्हणून प्रत्येक जण कागदावर निर्दोष असतो.

---

गोळीवाली

मी शासकीय औषधनिर्माता आहे, त्यामुळे औषधांपुरतंच बोलते. या विषयात कुणी 'केंद्रीकरण वाईट' असं सरसकट म्हणालं की मला राग येतो.

आपल्याकडे आधी प्रत्येक खातं आपापली खरेदी करत असे. दर वेगळे, दर्जा वेगळा, तक्रारी भरपूर. २०१७ मध्ये सगळी खरेदी एका ठिकाणी आणायचं ठरलं आणि काम दिलं हाफकिन महामंडळाला. हाफकिनचं नाव मोठंच आहे. १८९९ मध्ये प्लेगच्या संशोधनाची प्रयोगशाळा म्हणून सुरू झालेल्या संस्थेची ती पुढची शाखा, काम लस बनवण्याचं. लस बनवणं वेगळं आणि राज्यभरातल्या दवाखान्यांची मागणी गोळा करून, निविदा काढून, माल वेळेवर पोहोचवणं वेगळं. त्यासाठी गोदामं लागतात, मागणीचा अंदाज बांधणारी माणसं लागतात, पुरवठादाराला वेळेवर पैसे द्यायची सोय लागते. आम्ही मागणी पाठवायचो आणि वर्ष उलटलं तरी माल अर्धवट. शेवटी २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण वेगळं काढावं लागलं.

आता तमिळनाडू पाहा. तिथेही खरेदी केंद्रीयच आहे, आपल्यापेक्षा कितीतरी जुनी. तमिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळ १९९४ मध्ये निघालं. या महामंडळाचं मुख्य कामच खरेदी आणि पुरवठ्याचं. जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं. प्रत्येक दवाखान्याला एक पासबुक: तुमच्या नावावर वर्षाला इतक्या रकमेची औषधं. दवाखान्याचा माणूस गोदामात जातो, त्याच्याकडच्या रोग्यांना जे लागतं ते उचलतो, पासबुकात नोंद होते. खरेदी चेन्नईत, पण काय घ्यायचं हे वॉर्डातून ठरतं. आलेल्या मालाचे नमुने नाव झाकून प्रयोगशाळेत जातात आणि नापास झाला तर पुरवठादार काळ्या यादीत. थोडी रक्कम स्थानिक खरेदीसाठी दवाखान्याकडेच राहते. राजस्थानने २०११ मध्ये मोफत औषध योजना आणली तेव्हा याच धर्तीवर महामंडळ काढलं.

दोन्हीकडे 'केंद्रीय खरेदी' हेच नाव. फरक एवढाच की तिथे माहिती खालून वर जाते आणि माल वरून खाली येतो, आणि दोन्ही वाटा बांधलेल्या आहेत. आपण खरेदी वर नेली आणि वाट बांधायची राहून गेली.

---

तर्रीबाज

ताई हे पटलं. पासबुकवालं तं एकदम झकास. पण मंग आपल्या इकडं हे कोणी सुचवलं नसन का? तीस वर्षं झाले त्याईले.

---

गोळीवाली

सुचवलं असणारच, तमिळनाडूला अभ्यासदौरे सगळ्याच राज्यांचे झालेत. पण पासबुक आलं की कुणाला काय मिळेल हे मधल्या खुर्च्यांनी ठरवायचं बंद होतं. पुढचं तुम्हीच समजून घ्या, मी अजून नोकरीत आहे. :)

---

पेंचपार

छिंदवाड्याचा मराठी माणूस बोलतो. आमच्याकडची अर्धी गंभीर केस नागपूरलाच येते, त्यामुळे या धाग्यावर आमचाही हक्क.

लेखापाल काकांनी डीनला अधिकार नाहीत म्हटलं. आमच्या मध्य प्रदेशात ते देऊन पाहिले आहेत. १९९४ साली सुरतेत प्लेगची घबराट झाली, त्याच सुमाराला इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात उंदरांचा सुळसुळाट होता. तेव्हाच्या जिल्हाधिकाऱ्यांनी रुग्णालय रिकामं करून उंदीर काढले, साफसफाई केली, आणि मग प्रश्न आला की हे टिकवायचं कसं. त्यातून रुग्ण कल्याण समिती निघाली. तिला मुभा अशी की शुल्क आकारा, देणग्या घ्या, आणि तो पैसा सरकारी तिजोरीत न भरता इथेच खर्च करा. नळ दुरुस्त करायला भोपाळची परवानगी नको. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ही समिती देशभर नेली, तुमच्याकडेही आहे.

फायदा खराच झाला. पण दुसरी बाजूही सांगतो. समितीचा पैसा शुल्कातून येतो म्हटल्यावर समितीचं लक्ष शुल्कावर. जिथे पैसे देणारे रोगी जास्त तिथली समिती श्रीमंत, आणि आदिवासी भागातली, जिथे खरी गरज, तिथली कंगाल. ज्याच्याकडून शुल्क घ्यायचं तो रोगी समितीवर नाही. त्याच्या नावाने आमदार, जिल्हाधिकारी आणि देणगीदार. तेव्हा अधिकार खाली द्या, जरूर द्या, पण त्याच्याबरोबर कमाईचं ओझंही खाली ढकललंत तर दवाखाना दुकान होतो.

---

रेशीमबागकर

पेंचपार, गोळीवाली, दोघांचे प्रतिसाद वाचून माझा प्रश्न बदलला. 'मुंबईत ठरावं की नागपुरात' एवढाच वाद नाही. ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला परिणाम दिसतो का, आणि ज्याला दिसतो त्याला काही करता येतं का, हे महत्त्वाचं. तमिळनाडूच्या गोदामातल्या माणसाला दिसतं. आपल्या मार्चमधल्या सलाइनवाल्याला दिसत नाही.

एक विचारायचं होतं: गावाकडचं कुणी आहे का इथे? प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय वेगवेगळ्या हाताखाली का, हे मला अजून उमगलेलं नाही.

---

वैद्य_खेड्यातला

आहे ना. जिल्ह्यातल्याच एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. सुट्टीच्या दिवशी लिहितोय, म्हणजे कागदोपत्री सुट्टी.

माझी नेमणूक राज्य सरकारची, काम जिल्हा परिषदेचं. माझे साहेब जिल्हा आरोग्य अधिकारी, त्यांच्या वर मुख्य कार्यकारी अधिकारी. मी ज्या ग्रामीण रुग्णालयात बाळंतीण पाठवतो तिथले साहेब जिल्हा शल्य चिकित्सकांच्या हाताखाली, त्यांच्या वर आरोग्य उपसंचालक. त्याच्या पुढे पाठवली तर मेडिकल, म्हणजे तिसरंच खातं. माझ्याकडे काम करणाऱ्यांपैकी काही राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटावर. त्यांचा पैसा केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के असा सोसायटीमार्फत येतो आणि कंत्राट दरवर्षी नव्याने. आशाताईंना पगार नाही, मानधन आणि कामानुसार मोबदला. १०२ ची गाडी आमची, १०८ ची ठेकेदाराची. रात्री दोन वाजता कळ आलेली बाई या सगळ्यांतून पार व्हायची असते.

हे असं का झालं? १९४६ च्या भोर समितीने प्रतिबंध आणि उपचार एकाच साखळीत बांधायला सांगितलं होतं: खाली प्राथमिक केंद्र, मध्ये दुय्यम, वर जिल्हा. साखळी कागदावर तशीच राहिली. पण महाराष्ट्रात १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि खालची कडी त्यांच्याकडे गेली, मधली राज्याकडे राहिली, आणि १९७० च्या सुमारास वैद्यकीय शिक्षणाचं संचालनालय वेगळं झालं तशी वरची तिसऱ्याकडे गेली. प्रत्येक निर्णयाला त्या वेळी चांगलं कारण होतं. जिल्हा परिषदेचा निर्णय तर मला आजही बरोबर वाटतो. केरळने १९९६ नंतर दवाखाने पंचायतींकडे दिले, पण सोबत योजना-निधीचा मोठा हिस्साही दिला, आणि तिथला पंचायत सदस्य दवाखान्यात संध्याकाळी डॉक्टर आहे का हे विचारायला येतो. आमच्याकडे सदस्य येतो तो बहुधा बदलीचं पत्र घेऊन.

माझी सगळ्यात मोठी अडचण निधी नाही, औषधही नाही. मी पाठवलेल्या रोग्याचं पुढे काय झालं ते मला कधीच कळत नाही. परत चिठ्ठी येत नाही. ज्याने पाठवली आणि ज्याने घेतली त्यांचा साहेब एक नाही, म्हणून चिठ्ठी पाठवली नाही तर विचारणारं कुणी नाही. तुमच्या मामांची रक्ततपासणी तीनदा झाली, तीही इथेच अडकली.

---

तर्रीबाज

डाक्टर साहेब, तुमचा प्रतिसाद वाचून पहिल्यांदा समजलं का आमच्या गावच्या केंद्राच्या भिंतीवर बोर्डावर बोर्ड काऊन लावले आहे.

पण एक सांगा. मंग एम्स कसं चालून राह्यलं? तिथं चकाचक आहे, रांगही सरळ चालते. माझ्या साळ्याले नेलं होतं. ते बी तं सरकारीच.

---

सिस्टर_अजनी

एम्सवर मी लिहिते, कारण सारखी तुलना ऐकून कान किटले.

एम्स १९५६ च्या स्वतंत्र कायद्याखाली चालतं. संचालकांना भरतीचे, खरेदीचे अधिकार आहेत, वर स्वतःचं नियामक मंडळ आहे, पैसा केंद्राचा. नागपूरच्या एम्सची पहिली तुकडी २०१८ मध्ये आमच्या मेडिकलच्याच आवारात शिकली, आणि ११ डिसेंबर २०२२ ला पंतप्रधानांनी मिहानमधल्या इमारतीचं लोकार्पण केलं. सगळं नवं, सगळं एका हाताखाली. चांगलं चाललंय, कौतुकच आहे.

पण एक फरक कुणी बोलत नाही. जागा भरली की एम्सला 'खाट नाही' म्हणता येतं. मेडिकलला येत नाही. अपघात, विष घेतलेला, जळालेली, बेवारस, पोलिस केस, गडचिरोलीहून रात्रभर प्रवास करून आलेला, बालाघाटचा, शिवनीचा, आदिलाबादचा, आणि खासगीत पैसे संपल्यावर शेवटच्या दिवशी गाडीत घालून आणलेला, हे सगळे मेडिकलच्या अपघात विभागात उतरतात. दोन खाटांमध्ये गादी टाकतो, पण घेतो. मग महिन्याचे मृत्यू मोजतात आणि पेपरात तुलना छापतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात २४ मृत्यू झाले तेव्हा सगळीकडचे आकडे निघाले, नागपूरचेही. शेवटच्या घटकेला खासगीतून आलेले त्यात किती, हे वेगळं काढून कुणी छापलं का?

'नाही' म्हणायचा हक्क कुणाला आहे, हेही व्यवस्था ठरवते. ज्या दवाखान्याला तो नाही, त्याला इतरांच्या दुप्पट मोकळा हात हवा. आपण उलटं केलंय.

दुसरं, माणसांचं. चंद्रपूरला २०१५ मध्ये, गोंदियाला २०१६ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय झालं. फार गरज होती. पण नव्या ठिकाणी पदं भरेपर्यंत मान्यतेच्या तपासणीच्या वेळी जुन्या कॉलेजातले शिक्षक प्रतिनियुक्तीवर पाठवायचे हा राज्यभरचा शिरस्ता. कॉलेज उघडण्याचं श्रेय एकाला मिळतं; मागे रिकाम्या झालेल्या युनिटचा राउंड कोण घेणार, हे निवासी डॉक्टर पाहतो, वय वर्षं सव्वीस.

---

खर्चिक

सगळे प्रतिसाद वाचले. विम्याचा मुद्दा राहिला.

महात्मा फुले जनआरोग्य योजना (२०१२ ला राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, २०१७ ला नाव बदललं) आणि २०१८ पासूनची आयुष्मान भारत. यांनी एक नवाच मालक आणला: राज्य आरोग्य हमी सोसायटी. ती दवाखाना चालवत नाही, उपचार विकत घेते, खासगीकडूनही आणि सरकारीकडूनही. मेडिकलने योजनेतून शस्त्रक्रिया केली की दाव्याचे पैसे मेडिकलला मिळतात. म्हणजे एका खिशातून तरतूद, दुसऱ्या खिशातून दावा.

थायलंडने २००२ मध्ये हेच केलं, पण पुरतं केलं. एक राष्ट्रीय संस्था सगळ्यांच्या वतीने सेवा विकत घेते आणि जिल्ह्याच्या दवाखान्यांच्या जाळ्याला माणशी ठराविक रक्कम देते. माणूस निरोगी राहिला तर जाळ्याचे पैसे वाचतात, म्हणून गावातल्या केंद्रालाही त्यात रस. आपली योजना ठरलेल्या शस्त्रक्रियांवर आणि भरतीवर पैसे देते. वैद्य_खेड्यातला यांनी रक्तदाबाच्या गोळ्या नियमित देऊन कुणाची किडनी वाचवली, तर सोसायटीच्या हिशोबात ते कुठेच दिसणार नाही. डायलिसिस सुरू झालं की लगेच दिसेल. दिसतं त्याला पैसा, असा हा कारभार.

---

वैद्य_खेड्यातला

खर्चिक, हे अगदी बरोबर. आमच्याकडे महिन्याला कितीतरी प्रपत्रं भरली जातात, त्यात 'किती तपासले' हा रकाना आहे. 'किती जणांचा रक्तदाब वर्षभर काबूत राहिला' याला कुणी बढती देत नाही.

---

महालातला_मन्या

मग दोन्ही खाती एक करा की! आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण, एक मंत्री, एक सचिव. संपला विषय.

---

जुना_लेखापाल

मन्या, संपत नाही. एक केल्याने एक होत नसतं. तमिळनाडूतही संचालनालयं तीन आहेत: सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय सेवा, वैद्यकीय शिक्षण. कामं वेगळी म्हणून संवर्गही वेगळे. सार्वजनिक आरोग्याचा तर १९३९ चा स्वतंत्र कायदा आहे तिथे. पण तिन्ही एकाच खात्याच्या सचिवाखाली. भांडण झालं तर एका टेबलावर मिटतं. आपल्याकडे ते दोन मंत्र्यांच्या टेबलांवर जातं, आणि हे दोन मंत्री वेगवेगळ्या पक्षांचे असल्याचंही आपण पाहिलं आहे.

शिवाय खाती एक केली तरी महापालिका उरतेच. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २६ या काळासाठी स्थानिक संस्थांना आरोग्यासाठी ७०,०५१ कोटी ठेवले, देशभरात. त्यातून शहरांत वस्तीपातळीवरचे दवाखाने यायचे होते. आपल्याकडे मार्च २०२२ पासून पुढची बरीच वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. वस्तीतला दवाखाना दुपारी बंद असला तर माणसाने कुणाचं दार ठोठवायचं? कामगार विम्याचं तर आणखी न्यारं: खर्चाचे आठ वाटे, सात केंद्रीय महामंडळाचे, एक राज्याचा, आणि चालवायचं मात्र राज्याने.

मला विचाराल तर खाती जोडण्याआधी तीन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी करा. अधिष्ठात्यांची खर्चाची मर्यादा वाढवा आणि दुरुस्तीचा निधी त्यांच्याच हाती द्या. औषधाची तरतूद व्यपगत होऊ देऊ नका. आणि संदर्भ-चिठ्ठीचं उत्तर देणं वरच्या रुग्णालयाला बंधनकारक करून ते दोन्ही खात्यांच्या मासिक आढाव्यात घ्या. यातल्या एकालाही विधेयक लागत नाही.

---

सिस्टर_अजनी

काका, तिसऱ्यासाठी कारकून द्या म्हणजे झालं. नाहीतर ते उत्तरही आम्हीच लिहिणार, नाईटला.

---

रेशीमबागकर

हे बरंच हाती लागलं. माझा विचार माहिती अधिकारात अर्ज टाकायचा आहे: प्रत्येक रुग्णालयाच्या प्रमुखाला परवानगीशिवाय किती खर्च करता येतो, औषधांची मागणी कधी गेली, माल कधी आला, आणि किती तरतूद ३१ मार्चला परत गेली. कुणी मसुदा पाहून देईल का?

---

तर्रीबाज

अन् अभ्यागत मंडळाची बैठक कधी झाली होती, हे बी विचारा. रुग्णांच्या बाजूनं बोलाले बसवलेलं मंडळ आहे ते. आमच्या वस्तीतल्या एकालेही त्याच्यात कोण बसते ते माहीत नाही.

---

जुना_लेखापाल

मसुदा व्यक्तिगत संदेशात पाठवा. पण आधी हे ध्यानात ठेवा. 'औषध का आलं नाही' असं विचारू नका. कारणं देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, नोंदीच मिळतात. मागणीपत्राची, पुरवठा आदेशाची आणि आवक नोंदवहीची प्रत मागा, तारखा आपोआप बोलतील. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांत, त्यामुळे तरतुदीचा अर्ज वेगळा, औषधाचा वेगळा, तर्रीबाजांच्या मंडळाचा तिसरा. प्रत्येकावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प.

आणि मेडिकल-मेयोचा अर्ज तिथल्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे, डागाचा डागात, आयसोलेशनचा महापालिकेत, केंद्रांचा जिल्हा परिषदेत. एम्सचा केंद्राच्या पोर्टलवर ऑनलाइन होतो. चुकीच्या ठिकाणी गेला तर कलम ६(३) खाली त्यांनी पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, पण त्यावर विसंबू नका. मालक जितके, तितके अर्ज.